नळीच्या तोंडाकडची रेघ

येलहंका,
१४ ऑक्टोबर

रम्या अक्का,

तुझा नंबर मी ब्लॉक केलाय. चुकून नाही, मुद्दाम. फोनवर तू बोलतेस, मी हूं हूं करते, आणि फोन ठेवला की तुझंच खरं झालेलं असतं. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस. म्हणून पत्र. नववीतनं शाळा सोडलेल्या मुलीचं आहे, चुका काढत बसू नको.

काय झालं ते सगळं सांगते, कारण तुला अर्धंच माहीत आहे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर रेंज काल उघडली. मी माझी रायफल घेतली. माझी म्हणजे क्लबचीच, पण तू पुण्याला कॉलेजात गेल्यापासून मीच मारते ना तिच्यावर. पन्नास मीटरवर पहिल्या दहा गोळ्या मारल्या तर एक इकडे, एक तिकडे. सुट्टीआधी दहाच्या गोलात बसत होत्या, त्या आठात, सातात. मला वाटलं माझाच हात बिघडला. मग कोच उमाकांत सरांनी नळीत बॅटरी मारून बघितलं, आणि त्यांचं तोंडच बदललं. आत खड्डे पडलेत. बारीक बारीक, पण खड्डे.

सर सरळ कपाटाकडे गेले, नळी साफ करायच्या सॉल्व्हंटची बाटली काढली, बूच उघडून माझ्या नाकाशी धरली. "वास घे. अमोनिया आहे हा. हे नळीत घालून तशीच सुट्टीवर गेलीस काय गं? स्टेनलेस नळी खाऊन टाकली ह्यानं!"

मी नव्हतं ठेवलं, अक्का. तू शिकवलंस तसंच केलं होतं. कापडाचा तुकडा भिजवून एकदा आतनं फिरवायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग कोरडे तुकडे पांढरे निघेपर्यंत, मग तेल. पण हे मला तिथे बोलता आलं का? नाही. तुला माहीत आहे माझं कसं होतं ते. सगळे बघायला लागले की घसा बंद.

मग सरांनी तुला फोन लावला. स्पीकरवर. मी समोरच होते, हे तुला माहीत नव्हतं. आणि तू काय म्हणालीस? "लहान आहे ती सर, राहिलं असेल तिच्याकडनं. माफ करा तिला."

राहिलं असेल! तुला सांगितलं होतं का कोणी माझ्यासाठी माफी मागायला? एक वर्ष तुझ्या शेजारी बसून मी रायफल साफ केली. एकदा तरी राहिलं होतं का? तुझ्या माफीनंतर माझं ऐकणार कोण आहे? मोठ्या चुलत बहिणीनंच कबूल केलं म्हटल्यावर संपलं की.

आता सर म्हणतात, लिहून दे. "मी निष्काळजीपणानं सॉल्व्हंट नळीत ठेवलं, त्यामुळे रायफल खराब झाली." खाली सही. सही दिली तर सात डिसेंबरच्या स्टेट ट्रायलला दुसरी रायफल मिळेल. नाही दिली तर नाही.

मला एकच सांग. सॉल्व्हंटनं स्टेनलेसची नळी खराब होते का? हो की नाही?

दिव्यश्री

⁂

पुणे,
२१ ऑक्टोबर

प्रिय दिवी,

अगं वेडाबाई, आधी मला अनब्लॉक कर! पत्र काय लिहितेस? होस्टेलच्या वॉचमननं पाकीट दिलं तेव्हा मला वाटलं कोर्टाची नोटीस आली.

तुझा राग मला कळतो. पण मी तुझी बाजूच घेतली होती. सर इतके चिडले होते की तुला क्लबमधनंच काढणार होते. मी "लहान आहे" म्हणाले म्हणून माफीपत्रावर निभावतंय. हे तुला दिसत नाही का?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी इथल्या कोचना विचारलं. ते म्हणाले, लोकांना वाटतं स्टेनलेस म्हणजे काहीच होत नाही, तसं नसतं. रायफलच्या नळीचं स्टेनलेस आपल्या स्वयंपाकघरातल्या पेल्यांपेक्षा वेगळं. मशीनवर कापायला सोपं जावं म्हणून त्यात गंधक घालतात, आणि म्हणून ते गंजाला कमी टिकतं. विश्वास नसेल तर लोहचुंबक लावून बघ, नळीला चिकटेल, चांगल्या पेल्याला नाही. आणि अमोनियावालं सॉल्व्हंट पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नये असं बाटलीवरच लिहिलेलं असतं. म्हणजे होऊ शकतं, दिवी.

आणि तू विसरतेस गं. कुकरची शिट्टी न लावता गॅस पेटवला होतास, तेव्हा कोण विसरलं होतं? मी? आयुधपूजेला मी सुट्टीत तिथेच होते ना, त्या दिवशी त्या रायफलची पूजा मी स्वतः केली. तेव्हा नळी आरशासारखी चमकत होती. म्हणजे जे झालं ते आत, सॉल्व्हंटनं, हळूहळू.

एका कागदावर सही केल्यानं कोणी लहान होत नाही. सही कर, ट्रायल मार, पुढे जा. माझ्या बाबांशी मी बोलले आहे, ते क्लबच्या कमिटीत आहेत, ते सांभाळून घेतील.

तुझीच,
रम्या

ता. क. सरांना उलट बोलू नको. माझ्या स्पॉन्सरशिपचं शिफारसपत्र त्यांच्याकडनंच जायचंय.

⁂

येलहंका,
३० ऑक्टोबर

अक्का,

कुकर! सुम्ने, उगाचच, कुकर कुठनं आणलास मध्ये? तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

"होऊ शकतं" म्हणजे "झालं" नाही. तुझ्या कोचनी नळी बघितली का? नाही. तू बघितलीस का? नाही. मी बघितली.

परसू मामांच्या गॅरेजात मी काम करते म्हणून तू मैत्रिणींना सांगायला लाजतेस ना? त्याच गॅरेजात एक कॅमेरा आहे, वायरसारखा बारीक. इंजिन न उघडता सिलिंडरच्या आत बघायला. तो मागून घेतला. सरांना तोंडानं विचारायला जमलं नसतं म्हणून चिठ्ठी लिहून दिली, "एकदा आत बघू द्या". सर हसले. "बुलेटचं इंजिन वाटलं काय गं तुला?" पण मामा बरोबर होते म्हणून हो म्हणाले. मामांनी वायर आत सोडली, मी फोनवर बघत होते.

नळी मागनं, म्हणजे गोळी घालतात तिथनं, पार पुढपर्यंत स्वच्छ आहे. खड्डे फक्त तोंडाकडे. पुढच्या चार बोटांत. तेही सगळीकडे नाहीत, एका बाजूला, एका रेघेत. जसं आडवं पडलेल्या बाटलीत तळाला स्वल्प पाणी राहतं ना, तशी रेघ.

आता तूच सांग, तूच शिकवलंस मला. सॉल्व्हंटचा तुकडा आपण कुठनं घालतो? मागनं. कसा फिरतो? गोल, सगळ्या नळीला चोळत. सॉल्व्हंटनं खाल्लं असतं तर सगळीकडे खाल्लं असतं. ही रेघ पुढनं आत गेलेल्या कशाची तरी आहे. नळी आडवी होती, तोंड जरा खाली होतं, आणि ते पुढेच साचून राहिलं.

एवढंच नाही. सरांच्या टेबलावर जुन्या स्टेनलेस नळीचा कापलेला तुकडा असतो, कागदांवर ठेवतात तो. तो मागितला. सर म्हणाले "घे बाई, त्याचीही पूजा कर". मामांनी ग्राइंडरवर त्याचे तीन तुकडे करून दिले. एका तुकड्यात त्याच बाटलीतलं सॉल्व्हंट भरलं आणि डबीत बंद करून तीन दिवस ठेवलं. पंधरा मिनिटं नाही, तीन दिवस! काढला तर स्वल्प काळपट झाला होता. पुसला, गेलं. कॅमेऱ्यानं बघितलं, एक खड्डा नाही. रोज रोज असं केलं तर काय होईल ते मला माहीत नाही, करू पण नये. पण माझ्यावर जे घातलंय ते ह्या बाटलीनं केलेलं नाही.

आयुधपूजेला मी रेंजवर नव्हते. गॅरेजची पण पूजा त्याच दिवशी असते, मी दिवसभर गाड्यांना झेंडूच्या माळा बांधत होते. तू होतीस. म्हणून विचारते. त्या दिवशी काय काय झालं? उमाकांत सरांनी रायफलीवर काही शिंपडलं का? मला त्यांच्यावरच संशय आहे. सगळं लिही.

दिव्यश्री

⁂

पुणे,
७ नोव्हेंबर

दिव्यश्री,

पूजा झाली. दरवर्षी होते तशीच. हार, कुंकू, उदबत्ती, नारळ. सगळे होते, सगळ्यांनी नमस्कार केला, प्रसाद खाल्ला, आणि रायफली कपाटात ठेवून कुलूप लावलं. ह्यात काय शोधतेस तू?

देवाला मध्ये आणू नको. आणि सरांवर संशय घेऊन फिरतेस हे बाहेर कळलं तर तुझं काय होईल, विचार केलास का? गॅरेजचा कॅमेरा आणि डबीतले प्रयोग. लोक हसतील.

माझे टर्म पेपर चालू आहेत. सही करून टाक आणि विषय संपव. मोठी बहीण म्हणून सांगते.

रम्या

⁂

येलहंका,
१९ नोव्हेंबर

अक्का,

मागच्या पत्रात तू मला दिव्यश्री लिहिलंस. जन्मात पहिल्यांदा. आणि "नारळ" हा शब्द लिहून पुढे पळालीस. मला तेव्हा कळलं नाही. आता कळलं.

आठ-नऊ दिवसांपूर्वी थोरले काका, म्हणजे तुझे बाबा, वरच्या मजल्यावरनं आमच्याकडे जेवायला आले होते. आईनं पिठलं केलं होतं. जेवताना त्यांचं नेहमीचं सुरू झालं, रम्या अशी, रम्या तशी. "आपल्या घरच्या तलवारीला खंडेनवमीला अभिषेक करतो ना आपण, तसा माझ्या पोरीनं त्या रायफलीला केला! उमाकांतनं नारळ फोडला, हिनं वाटी धरली, आणि ते पाणी असं नळीच्या तोंडावरनं सोडलं. क्लबच्या इतिहासात कोणी केलं नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. 

"मग काका, ते पाणी पुसलं का?"

"अगं पुसतात काय? तीर्थ ते! वरनं कुंकू लावलं, हार घातला, आणि तशीच आडवी ठेवली. तलवार नाही का ठेवत रात्रभर पाटावर?"

तलवार पोकळ नसते, अक्का.

तलवार आपण दुसऱ्या दिवशी धुतो, तेल लावतो. काका लावतात, मी बघितलंय. रायफल कोणी धुतली? कुलूप लावून सगळे दसऱ्याला गेले. आणि ते पाणी तोंडातनं आत जाऊन खाली साचलं, हारानं वरनं झाकलं, आणि सुट्टीभर बसलं. गोड लागतं म्हणून आपण विसरतो, पण शहाळं चाखून बघ, मागनं खारट लागतं.

आता मी सुम्ने आरोप करते असं म्हणशील. म्हणून दुसऱ्या तुकड्यात नारळाचं पाणी घातलं. स्वल्पच, तळाला राहील एवढं. डबी आडवी करून आठवडाभर ठेवली. काल उघडली. तांबडे ठिपके. पुसले तर पुसले जात नाहीत, नख फिरवलं तर नख अडकतं. एका रेघेत, अक्का. तश्शीच रेघ.

तूच लिहिलं होतंस की ह्या नळीचं स्टेनलेस घरच्या पेल्यासारखं नसतं, गंजाला कमी टिकतं. तुला सगळं माहीत होतं! पुस्तकातलं सगळं माहीत, आणि हातात वाटी आली की घरची तलवार!

पूजा केलीस त्याचा मला राग नाही. तुला कळलं नाही, कोणालाच कळलं नाही, सरी, ठीक आहे. राग ह्याचा आहे की माझं रेघेचं पत्र वाचल्यावर तुला कळलं, आणि तरी तू लिहिलंस "सही करून टाक".

शाळा सोडली तेव्हा अख्ख्या घरानं ठरवलं की हिला काही जमत नाही. वर्गात तोंड उघडत नाही, पेपरात लिहीत नाही. मला एकच गोष्ट जमते. आडवं पडून, श्वास धरून, पन्नास मीटरवर त्या काळ्या ठिपक्यात गोळी घालायची. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. आणि तिथेच माझ्या नावापुढे "निष्काळजी" लिहून घ्यायला निघालात तुम्ही. तुम्ही, म्हणजे तू पण.

कमिटीची मीटिंग एक डिसेंबरला आहे. मी अजून कोणाला सांगितलं नाही, आईला पण नाही. तू सांग. सरांना फोन कर, "मी ओतलं" म्हण. बास.

दिव्यश्री

⁂

पुणे,
२५ नोव्हेंबर

दिवी,

हे पत्र तीनदा फाडलं.

हो. तुझं रेघेचं पत्र आलं त्याच रात्री कळलं मला. बाथरूममध्ये जाऊन बसले होते. वाटीतनं पाणी सोडताना ते नळीत जातंय हे मी बघितलं होतं, दिवी. सर पण बघत होते. ते म्हणालेसुद्धा, "जाऊ दे, स्टेनलेस आहे, काही होत नाही." तेव्हा सगळे हसत होते, बाबा फोटो काढत होते, कोण कापड आणायला जाणार? फोन आला तेव्हा मला खरंच वाटलं सॉल्व्हंट असेल. खरंच. तेव्हा मी खोटं बोलले नाही.

नंतर बोलले. म्हणजे गप्प राहिले.

माझी बाजू पण ऐक. स्पॉन्सरशिपचं पत्र सरांनी अजून पाठवलेलं नाही. मी सांगितलं तर फक्त माझं नाव नाही येणार, सरांचं पण येणार, कारण नारळ त्यांनी फोडला आणि "काही होत नाही" तेच म्हणाले. मग ते पत्र पाठवतील? आणि बाबा. बाबांनी तो अभिषेक सगळ्या नातेवाइकांना सांगितलाय. निपाणीच्या आत्यापर्यंत. ते कसे तोंड दाखवतील?

तुझं वय सतरा आहे. तू एक सही केलीस तर चार दिवसांत लोक विसरतील, "लहान होती" म्हणतील. माझं तसं नाही होणार. पत्र जाऊ दे, मग जानेवारीत मी स्वतः येऊन सगळ्यांसमोर सांगेन. शपथ. फक्त आत्ता सही कर. दुसरी रायफल मिळेल, ट्रायल मारशील, तुझं काही अडत नाही.

प्लीज दिवी. आयुष्यात पहिल्यांदा मागतेय तुझ्याकडे काही.

रम्या

⁂

येलहंका,
२ डिसेंबर

अक्का,

काल मीटिंग झाली. तुझा फोन आला नाही सरांना. मी दारातच विचारलं होतं, म्हणजे मामांनी विचारलं, मी मागे उभी होते.

टेबलाच्या पलीकडे उमाकांत सर, थोरले काका आणि कमिटीतले दोघं. कागद तयार होता, टाइप केलेला. सर एकदम प्रेमानं बोलले. "ये बाळ. सही कर, आणि सात तारखेला मेडल आण. आमचं काही मनात नाही."

तू पण असंच लिहिलं होतंस ना, तुझं काही अडत नाही. अडतं, अक्का. तुला वाटलं मी लहान आहे म्हणून माझं नाव स्वस्त आहे. तुझ्या नावाला जानेवारीपर्यंत जपायचं, माझं आजच देऊन टाकायचं.

मी पिशवीतनं दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"हे काय, भंगार?" सर म्हणाले.

मी बोलले, अक्का. आवाज फाटत होता, मध्ये दोनदा बंद पडला, पण बोलले. "हा सॉल्व्हंटमध्ये तीन दिवस होता. हा नारळाच्या पाण्यात आठवडाभर. दोन्ही एकाच नळीचे. बोट घालून बघा."

कमिटीतल्या एकानं बोट घातलं. मग दुसऱ्यानं. काका हसले. "अगं, नारळाचं पाणी आपण पितो!"

"आपण पितो काका. नळी पीत नाही. ती तशीच धरून बसते."

मग मी रेघेचं सांगितलं. पुढच्या चार बोटांचं सांगितलं. सर पंख्याकडे बघत होते. त्यांना सगळं आठवत होतं, मला दिसत होतं. तरी ते शेवटी म्हणाले, "ठीक आहे, धरून चालू. पण ओतलं कोणी? तू तर तिथे नव्हतीस. नाव सांग, नाहीतर सही कर."

त्यांना वाटलं मी नाव घेणार नाही. घरातलीच आहे, काका समोर बसलेत, आणि ही मुलगी तर स्वतःचं नाव विचारलं तरी खाली बघते. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं हसू तेव्हाच गेलं होतं. जेवताना काय बोललो ते त्यांना आठवलं असणार.

मी तुला पुरेसा वेळ दिला होता. एक डिसेंबर सांगितलं होतं. तू जानेवारी मागितलीस.

"रम्या अक्कानं," मी म्हणाले. "आणि नारळ तुम्ही फोडलात सर. काही होत नाही, असं तुम्हीच म्हणालात. तिनंच लिहिलंय मला."

 काका उठले, चप्पल घातली आणि निघून गेले. गाडी तिथेच राहिली, चालत गेले. सरांनी तो टाइप केलेला कागद उचलला, घडी केली आणि खिशात घातला. माफी कोणी मागितली नाही. एवढंच म्हणाले, "जुनी लाकडी रायफल आहे, जड आहे. उचलत असेल तर ने." उचलते. आज सकाळी तिच्यावर चाळीस मारल्या. खांदा दुखतोय. सात तारखेपर्यंत बसेल हात.

तुझ्या स्पॉन्सरशिपचं काय होईल मला माहीत नाही. मी सरांना त्याबद्दल काही बोलले नाही, बोलणार पण नाही.

तुला वाटेल मी रडले असेन, वाईट वाटलं असेल. खरं सांगू? नाही वाटलं. घरी येऊन हात धुतले, जेवले, दोनदा भात घेतला. आई म्हणाली, आज काय गं एवढी भूक?

काका कालपासून वरती आहेत, दार लावून. आईनं दोनदा ताट पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. आज परत नेते म्हणत होती, मी थांबवलं. ते माझं काम नाही, आईचं पण नाही. तू ये आणि त्यांना जेवायला घाल.

दिव्यश्री